निवणे, चेतणे आणि मधला ‘व’

मेढ्यातल्या एखाद्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होते. पहिले तीन क्रमांक जाहीर होतात आणि चौथ्या मुलीच्या हातात एक प्रशस्तिपत्र पडते. त्यावर क्रमांकाच्या जागी ‘उत्तेजनार्थ’ असे लिहिलेले असते. तेच प्रशस्तिपत्र इंग्रजीत छापले, तर त्या जागी ‘कन्सोलेशन प्राइझ’ येते, म्हणजे सांत्वनाचे बक्षीस. कागद तोच, मुलगी तीच, सोबतची कंपासपेटीही तीच. पण इंग्रजी शब्द तिचे डोळे पुसतो आणि मराठी शब्द तिला पुढच्या वर्षीच्या तयारीला लावतो.

मन शांत करणे आणि मन उठवणे ही एकमेकांच्या उलट कामे आहेत, असे आपण धरून चालतो. मग एकाच बक्षिसाला एका भाषेत या टोकाचा आणि दुसरीत त्या टोकाचा शब्द कसा चालतो? हा प्रश्न शब्दकोश चाळणाऱ्या हौशी मंडळींपुरता नाही. हीच क्रियापदे पोलिसांच्या फिर्यादीत, जमावबंदीच्या आदेशात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज वापरली जातात. त्यातल्या एकाच्या निवडीवर कधी कोणाची अटक ठरते, तर कधी बाजारपेठेची शटर किती दिवस खाली राहणार ते. म्हणून हे शब्द आले कुठून, ते आधी पाहू.

सुरुवात ‘उत्तेजन’पासूनच करू. संस्कृतातल्या ‘तिज्’ या धातूचा अर्थ धारदार असणे, धार लावणे. तेज आणि तीक्ष्ण हे शब्द त्याच घरचे. म्हणजे उत्तेजन देणे हे मुळात बोथट पात्याला धार लावणे होय. एकोणिसाव्या शतकात या शब्दाला मोठी प्रतिष्ठा होती. पुण्यात १८७५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ‘वेदशास्त्रोत्तेजक सभा’ हे नाव अभिमानाने घेतले. आज ‘उत्तेजक’ म्हटले, की खेळाडूंच्या लघवीची तपासणी आठवते. शब्दांची अशी घसरण होतच असते. पण याच धातूचे दुसरे अपत्य पाहिले, की थबकायला होते. ते म्हणजे ‘तितिक्षा’, सोसण्याची ताकद. टोचणारा शब्द आणि टोचणी सोसणारा शब्द एकाच पोटचे आहेत.

नात्याचा हा धागा युरोपपर्यंत जातो. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजीची पूर्वज बोली या एकाच प्राचीन भाषाकुळातल्या आहेत, त्यामुळे त्यांचे अनेक धातू एकमेकांचे सख्खे-चुलत आहेत. इंग्रजीतला ‘इन्स्टिगेट’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी टोचणे आहे आणि तो आपल्या ‘तिज्’चा भाऊबंद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये गुन्ह्यास अपप्रेरणा देणे म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि त्यातला पहिलाच प्रकार ‘इन्स्टिगेट’ करण्याचा, म्हणजे चिथावणीचा आहे. एका भावाला शाळेने प्रशस्तिपत्रावर बसवले आणि दुसऱ्याला न्यायालयाने पिंजऱ्यात उभे केले. ‘अपप्रेरणा’ या शब्दाचीही तीच गत. प्रेरणा म्हणजे गती देणे. तिला नुसता ‘अप’ लागला, की सत्कारातला शब्द आरोपपत्रात जातो.

टोचण्याची ही कल्पना कुठून आली, ते पाहायला जावळीच्या भातखाचरात जावे. आषाढात चिखलणी चालू असते. पॉवर टिलर आले असले, तरी अरुंद खाचरांत अजून कुठे कुठे बैल दिसतात. बैल अडला, की धनी आधी त्याला चुचकारतो. जिभेने टाळ्यावर केलेला तो आवाजच या क्रियापदात शब्द होऊन बसला आहे, जसा इंग्रजी ‘लल’मध्ये अंगाईचा सूर बसला आहे. मग तो पाठीवर हात फिरवतो, गोंजारतो. तेवढ्याने भागले नाही, तर पराणी उचलतो. पराणी म्हणजे टोकाला लोखंडी आर बसवलेली काठी. लॅटिनमध्ये या काठीला ‘स्टिम्युलस’ म्हणत. आज अर्थमंत्री उद्योगांसाठी ‘स्टिम्युलस पॅकेज’ जाहीर करतात, तेव्हा ते शब्दशः पराण्यांचा गठ्ठा वाटत असतात. ‘एग ऑन’ या इंग्रजी क्रियापदातही अंड्याचा काही संबंध नाही. ते जुन्या नॉर्स भाषेतल्या धार या अर्थाच्या शब्दावरून आले आहे.

म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या एका हातात गोंजारणे असते आणि दुसऱ्या हातात टोचणे, आणि जनावर तेच असते. याच सातारा जिल्ह्यातले कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले, तेव्हा बैलावरचे ते हत्यार त्यांनी दुसरीकडे वळवले होते. मन उठवणारा शब्द हा आपोआप वाईट शब्द नसतो, याला याहून जवळचे उदाहरण सातारकराला नको.

खळ्याच्या मधोमध बैल बांधायचा जो खांब असतो, त्याला संस्कृतात ‘मेधि’ म्हणतात. मराठीतही मेढ म्हणजे रोवलेला खांब, आणि अशा खांबांच्या तटबंदीला इतिहासात मेढेकोट म्हटले आहे. यावरून मेढ्याच्या नावाची कथा रचण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. ‘आवरणे’ हेही मन शांत करण्याच्या पंगतीतले क्रियापद आहे. आपण घर आवरतो आणि राग आवरतो. पसारा दोन्हीकडे असतो.

आता उष्णतेकडे येऊ, कारण मराठीत भावना बहुतेक चुलीजवळच राहतात. संताप ‘तप्’ धातूचा, म्हणजे तापणारा. भडकण्यात ज्वाळेचा आवाजच ऐकू येतो. खुद्द ‘राग’ मात्र जरा वेगळ्या वाटेने आला. ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे, लाल होणे. रंग, रंजन, अनुराग, वैराग्य ही सगळी त्याचीच भावंडे. संस्कृतात राग म्हणजे रंग आणि ओढ. गवयाने तो स्वरांसाठी ठेवून घेतला आणि मराठी माणसाने त्यातली फक्त डोळ्यांतली लाली उचलली.

तापलेले थंड होण्यासाठी मराठीत एक फार सुंदर क्रियापद आहे, ते म्हणजे ‘निवणे’. भात निवतो, चहा निवतो, राग निवतो, आणि मुंबईहून गणपतीला आलेल्या नातवाला पाहून आजीचे डोळे निवतात. या घरगुती शब्दाचे मूळ ‘निर्वा’ या संस्कृत धातूत आहे. त्याचा अर्थ फुंकर मारल्यासारखे विझणे, आणि त्यातूनच बुद्धाचे ‘निर्वाण’ निघाले. पाली ग्रंथांतली ती सर्वोच्च अवस्था आणि ताटलीत पसरून ठेवलेला गरम भात यांना मराठीने एकाच क्रियापदात ठेवले, आणि त्यात तिला काही वावगे वाटले नाही.

इंग्रजीतला ‘काम’ तर उष्णतेतूनच थंडाव्याला पोहोचला आहे. उच्चार आपल्या कामासारखा, अर्थ मात्र विश्रांतीचा. ग्रीक ‘काउमा’ म्हणजे रणरणते ऊन. दुपारच्या उन्हात माणसे, जनावरे, वारा सगळेच थांबते. त्या थांबण्यावरून शब्दाला शांततेचा अर्थ चिकटला. वैशाखातल्या दुपारी दीड वाजता मेढ्याच्या बाजारपेठेत उभे राहिल्यास ही व्युत्पत्ती कोशाशिवाय कळेल. ‘फोमेंट’चा प्रवास याच्या उलट झाला. लॅटिनमध्ये ‘फोमेंटम’ म्हणजे दुखऱ्या जागेवर ठेवायचे गरम पोटीस, आपला शेक. वेदना शमवण्यासाठी दिलेली ती ऊब पुढे असंतोष वाढवण्याच्या अर्थाने वापरली जाऊ लागली. आज इंग्रजी वर्तमानपत्रात दंगल ‘फोमेंट’ केली जाते. शेक देणाऱ्याचा हेतू बदलला, की औषधाचा गुन्हा होतो.

‘चेतवणे’ हा शब्द मात्र दिसतो तसा नुसता आगीचा नाही. आपण चूल चेतवतो, म्हणून तो जाळाचा वाटतो. पण त्याचे मूळ ‘चित्’, म्हणजे जाणणे, भानावर असणे. चित्त आणि चेतना त्यातलेच. दहावीच्या मुलांना पाठ असलेली ‘चेतासंस्था’, म्हणजे मज्जातंतूंचे जाळे, तीही त्यातलीच. चेतवणे म्हणजे आधी जागे करणे आणि मग पेटवणे. कायद्याच्या मराठीनेही हाच शब्द निवडला. ‘पोलीस (अप्रीतीची भावना चेतवणे) अधिनियम, १९२२’ या नावात तो आहे. पोलिसांच्या मनात सरकारविषयी नावड निर्माण करणे हा त्यातला गुन्हा आहे. ‘अप्रीती’ हा शब्द बोलताना कोणाच्याच तोंडी नसतो, पण फिर्यादीत तो अजून ठणठणीत आहे.

आता याच्यासमोर ‘समजूत’ ठेवा. समजणे हे क्रियापद ‘संबुध्’वरून आले, आणि ‘बुध्’ म्हणजे जागे होणे, उमगणे. म्हणजे चेतवणे आणि समजावणे या दोन्हींच्या मुळाशी जाग आहे. एक क्रियापद जमाव पेटवते आणि दुसरे तो घरी पाठवते, पण दोघांचाही धंदा माणसाला काहीतरी कळवण्याचाच आहे. फरक पडतो तो काय कळवले आणि ते खरे होते का यावर. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

समजुतीबाबत मराठीची आणखी एक गंमत आहे. आपण समजूत ‘घालतो’ आणि समजूत ‘काढतो’. आत टाकणे आणि बाहेर घेणे ही उलट क्रियापदे, पण अर्थ एकच. काढण्याचा हा प्रकार रागाबाबत मात्र घात करतो. लग्नात रुसलेल्या व्याह्यांचा रुसवा काढला, की मांडवात शांतता होते. साहेबाचा राग घरी येऊन मुलावर काढला, की घरात रडारड होते. क्रियापद तेच, जोडीला ‘वर’ आला, की परिणाम उलटा. परभाषकाला मराठी शिकवणाऱ्यांनी हे वाक्य कसे समजावावे, देव जाणे.

आगीनंतर पाणी. ‘क्षोभ’ हा शब्द ‘क्षुभ्’ म्हणजे ढवळणे, हलणे यावरून आला. पाणिनीच्या सातव्या अध्यायातल्या एका सूत्रात ‘क्षुब्ध’ हे रूप मंथासाठी, म्हणजे घुसळणीशी जोडून सांगितले आहे. ज्याला आपण क्षुब्ध जमाव म्हणतो, तो या हिशेबाने रवी लावलेला डेरा आहे. आणि रवीला दोरी असते, दोरीला हात असतात.

ढवळलेले पाणी शांत होते तेव्हा मराठी ‘निवळते’ म्हणते. हा शब्द निवण्यासारखा दिसतो, पण त्याचा वंश वेगळा आहे. तो ‘निर्मल’वरून आला. पावसाळ्यात वेण्णा नदीचे पाणी लालभडक गढूळ येते. पूर्वी अशा पाण्यासाठी निवळीचे बी घागरीच्या आतल्या बाजूला घासत. मग घागर न हलवता ठेवायची. हळूहळू गाळ तळाला बसायचा आणि वर स्वच्छ पाणी राहायचे. ‘तणाव निवळला’ हे वाक्य वर्तमानपत्रात इतके झिजले आहे, की त्यातली ही घागर आता कोणाला दिसत नाही. निवळण्यात गाळ नाहीसा होत नाही, तो फक्त खाली बसतो. घागरीला धक्का लागला, की पुन्हा वर येतो.

शांततेच्या शब्दांतही सगळेच सौम्य नाहीत. इंग्रजी ‘क्वेल’ म्हणजे दंगा किंवा बंड मोडून काढणे. जुन्या इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ ठार मारणे असा होता. इंग्रजांच्या शब्दाला हसण्याआधी आपला ‘शमन’ पाहावा. यज्ञात पशूचा जीव घेणाऱ्याला वैदिक भाषेत ‘शमिता’ म्हणत, आणि अमरकोशात ‘शमन’ हे यमाचे एक नाव आहे. ज्या धातूपासून शांत, शांती आणि शामक औषध निघाले, त्याच धातूपासून हेही. बंदोबस्तानंतर गावावर पसरलेल्या शुकशुकाटाला आपले बातमीदार ‘तणावपूर्ण शांतता’ म्हणतात. शब्द परस्परविरोधी वाटतो, पण शब्दाचा इतिहास पाहता तो फारसा चुकीचा नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला गोड शब्द आहेत. ‘अस्वेज’मध्ये लॅटिन ‘सुआविस’ म्हणजे गोड हा शब्द आहे, आणि तो संस्कृत ‘स्वादु’चा नातेवाईक आहे. ‘मॉलिफाय’मधला ‘मॉलिस’ आपल्या ‘मृदु’चा. ‘अपीझ’ म्हणजे शांततेकडे आणणे. राजनीतीतला पहिला उपाय ‘साम’, म्हणजे गोड बोलून वश करणे, याच जातीचा आहे. गोड बोलण्यात एक धोका असतोच. खोटे बोलूनही माणूस शांत करता येतो.

या धोक्याबद्दल सर्वांत जास्त सांगणारा शब्द इंग्रजीतला ‘सूद’ आहे. आज त्याचा अर्थ सुखावणे, शांत करणे. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ होता खरे करून दाखवणे, पडताळणे. मुळातला ‘सूथ’ म्हणजे सत्य, आणि तो संस्कृत ‘सत्’चा, म्हणजे आपल्या ‘सत्य’चा भाऊबंद. सत्य पटवण्यावरून हा शब्द ‘होय, तुझे खरे आहे’ असे म्हणण्याकडे सरकला. तिथून तो समोरच्याच्या होला हो करण्याकडे गेला, आणि शेवटी कुरवाळण्याकडे. पडताळणीपासून निघालेला शब्द पडताळणी विसरून थंडाव्यात जाऊन बसला.

नेमका याच्या उलट प्रवास मराठीत एका शब्दाने केला. तो शब्द म्हणजे ‘खातरजमा’. अरबीत ‘खातिर’ म्हणजे मनात येणारा विचार, मन. आपली ‘खात्री’ आणि ‘खातिरदारी’ त्यातूनच आली. ‘जमा’ म्हणजे गोळा झालेले. खातरजमा म्हणजे विखुरलेले मन एका जागी येणे, स्वस्थता. जुन्या मोडी कागदांत रयतेला किंवा सरदाराला खातरजमा ठेवायला सांगितले जाई, तेव्हा कागदपत्रे तपासायला सांगितलेले नसे. निश्चिंत राहा, असा त्याचा अर्थ होता. आज खातरजमा करणे म्हणजे शहानिशा करणे, पडताळून पाहणे. इंग्रजी शब्द सत्याकडून शांततेकडे गेला आणि मराठी शब्द शांततेकडून सत्याकडे आला. दोघे एकमेकांना वाटेत कुठेतरी भेटले असतील.

याच घडणीचा ‘दिलजमाई’ हा शब्द सातारा-जावळीच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. निवडणुका जवळ आल्या, की तो हमखास छापून येतो. ‘दिलासा’ही फारसीतून आला. त्याचा अर्थ मनाला विसावा. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पुढे भाषाशुद्धीची चळवळ झाली, तरी दुष्काळात, पुरात आणि कर्जमाफीत मराठी माणसाला दिलासाच हवा असतो. सांत्वन ही वस्तू मयताच्या घरी नेण्यासाठी वेगळी ठेवलेली आहे.

पण ‘जमा’चे खरे महत्त्व पुढे आहे. जमणे, जमाव, जमात, जुम्मा हे सगळे त्या एकाच अरबी धातूचे आहेत. मन जमा झाले, की खातरजमा होते. माणसे जमा झाली, की जमाव होतो. कलम १४४ म्हणून ज्याची ओळख होती आणि १ जुलै २०२४ पासून जे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आले, त्या आदेशाला मराठीत जमावबंदी म्हणतात. प्रशासन एका ‘जमा’ला बंदी घालते ते दुसरी ‘जमा’ शिल्लक राहिली नाही म्हणून. माणसांच्या मनात खातरजमा नसली, की ती रस्त्यावर जमतात.

शब्दांच्या या बारकाव्यांना न्यायालयात किती किंमत येते, याचा महाराष्ट्रातला मोठा दाखला लोकमान्य टिळकांचा आहे. भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये आलेल्या कलम १२४अ मधले मुख्य क्रियापद ‘एक्साइट’ होते, म्हणजे भावना उठवणे. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘डिसअफेक्शन’चा अर्थ सरकारविषयी प्रेमाचा अभाव, असा लावला. प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला, आणि टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर त्यांच्या ‘केसरी’त १२ मे १९०८ रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख आले, आणि पुन्हा खटला झाला. लेख मराठीत होते, तर ज्यूरीत मराठी न जाणणारे लोक होते. निकाल ठरणार होता तो भाषांतरावर. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण अनेक दिवस केले, आणि त्यात मराठी शब्दांच्या इंग्रजी प्रतिशब्दांवर हरकती घेतल्या. २२ जुलै १९०८ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले, आणि सहा वर्षे मंडालेला गेले.

टिळकांवरच्या आरोपात एक गोष्ट निदान स्पष्ट होती. भावना कोणी उठवल्या, त्याचे नाव वाक्यात होते. आजच्या बातमीत आणि गावातल्या बोलण्यात नेमके तेच नाव हरवते, आणि ते हरवायला मराठी व्याकरण मदत करते.

मराठीत बहुतेक भावनांच्या क्रियापदांच्या जोड्या आहेत. पेटणे आणि पेटवणे, भडकणे आणि भडकवणे, चेतणे आणि चेतवणे, तसेच निवणे आणि निववणे, शमणे आणि शमवणे. जोडीतल्या दुसऱ्याला व्याकरणात प्रयोजक क्रियापद म्हणतात, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवून आणणारे. त्यातला ‘व’ संस्कृत ‘स्थापयति’सारख्या रूपांतल्या ‘आपय’चा झिजलेला अवशेष आहे. एवढेसे अक्षर, पण ते आले, की वाक्याला कर्ता द्यावा लागतो. ‘जमाव भडकला’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘जमाव भडकवला’ म्हटले, की वाचक विचारतो, कोणी?

आमच्या पत्रकारितेच्या व्यवसायाने हा ‘व’ गाळण्याची सवय लावून घेतली आहे. वातावरण तापते, भावना भडकतात, दंगल उसळते आणि दोन दिवसांनी तणाव निवळतो. जणू या सगळ्या हवामानाच्या घडामोडी आहेत आणि वेधशाळेने त्या कळवल्या आहेत. यात भीड असते, घाई असते आणि कधी खटल्याची धास्तीही असते. पुरावा नसताना कोणाचे नाव घेऊ नये, हेही खरेच. पण नाव माहीत नसणे वेगळे आणि नाव असूच शकत नाही असे वाक्य लिहिणे वेगळे. ‘चिथावणे’ आणि ‘डिवचणे’ ही क्रियापदे या बाबतीत प्रामाणिक आहेत. कोणी आपोआप चिथत नाही आणि मोहोळ आपोआप डिवचले जात नाही.

शांततेच्या बाजूनेही हाच हिशेब लागू आहे. बैठकीत प्रमुख मंडळी येतात, शांततेचे आवाहन होते, चहा होतो, आणि ‘तणाव निवळला’ असे छापले जाते. तो कोणी निवळवला, कोणती गोष्ट सांगून, आणि ती गोष्ट खरी होती का, हे बातमीत नसते. पोस्ट खोटी होती, छायाचित्र दुसऱ्या राज्यातले होते, किंवा तक्रार खरी होती आणि ती नोंदवली गेली, यातले काहीही कळले, तर माणसाची समजूत पटते. फक्त गोंजारून पाठवलेला माणूस पुढच्या अफवेला पुन्हा रस्त्यावर येतो, कारण त्याला ‘सूद’ मिळाले, पण ‘सूथ’ मिळाले नाही. मेढ्यात आणि आसपासच्या गावांत निम्मी माणसे मुंबईत आणि निम्मी इथे असतात. इथल्या पाराची बातमी तिथल्या खोलीवर पाच मिनिटांत पोहोचते, आणि तिथून दहापट होऊन परत येते. अशा ठिकाणी पडताळणी हेच सांत्वन असते. जुन्या कागदांतली खातरजमा आणि आजची खातरजमा इथे एकाच अर्थाला येतात.

म्हणून यापुढे आमच्या टेबलावर ‘जमाव भडकला’ हे वाक्य आले, तर बातमीदाराला एकच प्रश्न विचारला जाईल, की ‘व’ कुठे आहे? तो सापडला, तर कर्त्यासकट छापू. सापडला नाही, तर जमाव जमला, दगड पडले, तीन दुकानांच्या काचा फुटल्या, आणि कारणाची खातरजमा अजून झालेली नाही, इतकेच छापू. बातमी चार ओळींनी लहान होईल.